चायनीज काढ्यानं अपेंडिक्स बरं होतंय का? अभ्यास झालाय का कुठं?

शिरोलीचा_धाकटा (रात्री ८.५०)

नमस्कार मंडळी. दवाखान्याच्या जिन्यात बसून लिहितोय, चूकभूल माफ करा.

माझा थोरला भाऊ, वय २९, शिरोलीला फौंड्रीत मोल्डिंगला आहे. काल दुपारी त्याला बेंबीपाशी दुखायला लागलं. घरी आला, जेवला नाही. रात्री दुखणं खाली उजवीकडं सरकलं, ओकारी झाली, अंग तापलं. आज सकाळी शाहूपुरीत एका खाजगी दवाखान्यात ॲडमिट केलंय. सोनोग्राफीत अपेंडिक्स ९ मिलिमीटर, खडा दिसत नाही, आजूबाजूला पाणी नाही. पांढऱ्या पेशी १४,०००. सलाईन आणि अँटिबायोटिकची इंजेक्शनं चालू आहेत. सर्जन म्हणाले, दुर्बिणीतून काढून टाकू. तुमची तयारी असेल तर नुसत्या औषधांवर ठेवूनही बघता येईल, पण पुन्हा उठू शकतं, तसं लिहून द्यावं लागेल. उद्या सकाळी काय ते सांगा.

आता घोळ असा झालाय की मावशीच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या काकांनी, मुंबईच्या कुणाकडून तरी चायनीज काढ्याची पाकिटं मागवून घेतलीत. पाकिटावर सगळं चिनी. मागं इंग्लिशमध्ये चार ओळी आहेत, त्यात नाव 'दा हुआंग मु दान तांग'. काका म्हणतात हा अठराशे वर्षांचा नुस्खा आहे आणि चीनमध्ये शंभरातले नव्वद पेशंट टाका न घालता घरी जातात.

भाऊ ठेकेदाराकडं आहे. ऑपरेशन म्हटलं की खाडे पडणार, आणि नंतर साच्याच्या पेट्या उचलायला जमेल का ही त्याला धास्ती. आईला तर पोट कापायचं म्हटल्यावर घामच फुटलाय. त्यामुळं घरातलं पारडं काढ्याकडं झुकलंय आणि मी एकटा पडलोय.

मला भांडण नको, माहिती पाहिजे. ह्या काढ्यावर खरोखर काही पुरावा आहे का? आणि अँटिबायोटिक चालू असताना वरून दिला तर चालतं का?

---

रंकाळा_सकाळी६ (रात्री ८.५८)

भाऊ ॲडमिट हाय न्हवं? मग त्याच्या तोंडात कुणी काय घालू नका. काकांना चहा पाजा आणि बसमध्ये बसवून द्या.

---

शियेकर_पाटील (रात्री ९.१०)

एवढं घाबरण्यासारखं काय न्हाई त्यात. आमच्या चुलत्याला हाच त्रास झालता. डॉक्टरनं सांगितलं, आजच्या आज कापायचं. चुलता उठला आणि सरळ घरी आला. गावातल्या वैद्यानं काढा दिला, चार दिवसांत माणूस उसात पाणी पाजत हुता. मी स्वतः बघितलोय. अजून अपेंडिक्स जागेवर हाय.

आणि चीनचं म्हणाल तर निक्सनच्या वेळी अमेरिकेतल्या मोठ्या पेपरचा पत्रकार तिकडं गेलता. त्याचं अपेंडिक्स चिन्यांनी सुया टोचून बरं केलं आणि ते त्यानं स्वतःच्या पेपरात छापलंय. आपल्याकडं मात्र पोट दुखलं की कात्री काढतात.

---

काष्ठौषधीवाला (रात्री ९.४५)

शिरोलीकर, आधी कामाचं: आज रात्री भावाला काढा देऊ नका. कारणं खाली लिहितोय, सवडीनं वाचा.

माझं राजारामपुरीत मेडिकल आहे. वडलांचं पापाच्या तिकटीजवळ काष्ठौषधीचं दुकान होतं आणि शाळा सुटली की मी तिथंच असायचो. त्यामुळं मुळ्यापाल्याशी माझं वैर नाही. उलट तुमच्या पाकिटातला पहिला जिन्नस मी पोरवयात पोत्यानं निवडलाय.

त्या काढ्यात पाच वस्तू असतात. पहिली रेवाचिनी. आपल्या बाजारात येते ती हिमालयातली, चिनी लोक वापरतात ती त्याच जातीतली दुसरी. फोडायला बसलं की बोटं पिवळी होतात आणि तो रंग साबणाला दाद देत नाही. तुकडा दाताखाली धरला की करकर वाजतो. वडील माल घेताना तसाच पारखायचे. दुसरी वस्तू मुदान नावाच्या फुलझाडाच्या मुळाची साल, ती आमच्या दुकानात कधी आली नाही. तिसरं पीचच्या कोयीतला गर, चौथ्या कोहळ्याच्या बिया, आणि पाचवं सोडियम सल्फेट नावाचं खनिज मीठ.

आता हेच मेडिकलच्या काउंटरवरून बघा. रेवाचिनीत सेनोसाइड असतात, म्हणजे सोनामुखीत असतात तेच. त्याच्या गोळ्या मी रोज विकतो. सोडियम सल्फेट आतड्यात पाणी ओढून घेतं, मॅगसल्फनं होतं तसंच. म्हणजे जुलाबाची दोन औषधं एका भांड्यात. बाकीच्या तीन वस्तूंमध्ये सूज कमी करणारे घटक असतील. मुदानमधल्या पिओनॉलवर आणि रेवाचिनीतल्या इमोडिनवर प्रयोगशाळेत, उंदरांवर काम झालेलं आहे. ते खोटं नाही. पण उंदराची सूज उतरणं वेगळं आणि फौंड्रीतल्या माणसाचं अपेंडिक्स फुटायचं वाचणं वेगळं.

वडील गल्ल्यावर असताना कुणी रेवाचिनी किंवा सोनामुखी मागितली की ते दोन प्रश्न विचारायचे: कुणाला पाहिजे, आणि ताप आहे का? पोटदुखी आणि ताप एकत्र ऐकलं की पुडी बांधायचेच नाहीत. एकदा एक गिऱ्हाईक 'पैसे देतोय की, फुकट मागतोय काय' म्हणून चढ्या आवाजात बोलायला लागलं. वडलांनी बरणीचं झाकण लावलं, बरणी वरच्या फळीवर सरकवली आणि मागच्या माणसाला 'बोला' म्हणाले. हा काही त्यांचा विक्षिप्तपणा नव्हता. बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झनं १८८६ मध्ये ह्या आजाराचं मूळ अपेंडिक्समध्ये आहे हे नीट मांडलं. त्यानंतरच्या सर्जनांच्या पिढ्या कानीकपाळी ओरडत आल्या की न उमगलेल्या पोटदुखीवर एरंडेल किंवा दुसरा कुठला जुलाब देऊ नका, सुजलेलं अपेंडिक्स फुटायला निमित्त मिळतं.

आता अठराशे वर्षांबद्दल. काकांचा आकडा बरोबर आहे. हा काढा झांग झोंगजिंग ह्यांच्या 'जिन ग्वेई याओ ल्यूए' ह्या ग्रंथातला, साधारण इसवी सन २०० च्या आसपासचा. त्यात आतड्यातल्या गळवाचं वर्णन आहे: ओटीपोट सुजलेलं, दाबलं की कळ, लघवी मात्र व्यवस्थित, अधूनमधून ताप, घाम, मग थंडी. वाचताना आपण थक्क होतो, इतकं ते आजच्या केसपेपराशी जुळतं. काढा कसा घ्यायचा तेही आहे: पीचचे पन्नास गर आणि बाकीचे जिन्नस पाण्यात आटवायचे, गाळून मीठ घालायचं, पुन्हा एक उकळी, आणि सगळा एकदम प्यायचा. पण त्याच परिच्छेदात एक वाक्य आहे जे काकांना मुंबईहून कुणी पाठवलेलं दिसत नाही. नाडी संथ आणि ताणलेली असेल तर पू झालेला नाही, जुलाब द्यायला हरकत नाही. नाडी उसळती आणि जलद असेल तर पू झालाय, जुलाब देऊ नये. म्हणजे ज्यानं काढा सांगितला त्यानंच हात आखडता घ्यायला पण सांगितलंय. (पुढं लगेच काढ्याच्या कृतीखाली 'पू असेल तर तो उतरेल' असंही लिहिलंय, त्यामुळं टीकाकार शतकानुशतकं त्यावर भांडत आलेत. ते असो.) तुमच्या घरात नाडी कोण बघणार आहे?

चीनमधल्या दवाखान्यांचं म्हणाल तर त्यात तथ्य आहे. गेल्या शतकाच्या मध्यानंतर तिकडं सरकारनंच दोन्ही पद्धती एकत्र आणायचं धोरण घेतलं. तिएनजिनच्या नानकाई रुग्णालयात वू शिएनझोंग नावाच्या सर्जननं पोटाच्या तातडीच्या आजारांवर असे काढे वापरून मोठं काम उभं केलं. पण ते सर्जन होते हो! पेशंट वॉर्डात, निवडून घेतलेला, तासातासाला पोट तपासलं जातंय, बिघडलं तर ऑपरेशनची खोली त्याच इमारतीत. पाकीट फोडून घरी स्टोव्हवर उकळायची ती गोष्ट नव्हती.

आणि नव्वद टक्के वगैरे आकडे येतात ते अशाच कामांतून आणि नंतरच्या चिनी मासिकांतून. ह्या काढ्यावरचे बरेचसे अभ्यास लहान आहेत. बहुतेक ठिकाणी काढा एकटा दिलेला नाही, अँटिबायोटिकसोबत दिलाय. कुणाला काय दिलंय हे पेशंटला आणि डॉक्टरला माहीत असतंच, कारण काढ्याचा वास आणि जुलाब लपवायचा कसा? चिठ्ठी टाकून गट पाडले असं लिहिलेलं असतं, पण कसे पाडले ते नसतं. २००९ मध्ये काही चिनी संशोधकांनीच हे तपासलं. वीस आजारांवरच्या, स्वतःला 'रँडमाइज्ड' (म्हणजे चिठ्ठी टाकून गट पाडलेले) म्हणवणाऱ्या अभ्यासांच्या लेखकांना त्यांनी फोन लावून विचारलं की गट नक्की कसे पाडले. शंभरातले जेमतेम सात खरे निघाले. त्याआधी १९९८ मध्ये अँड्र्यू व्हिकर्स आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या देशांतले औषधांचे अभ्यास मोजले. इंग्लंडमधल्या शंभरातल्या ७५ मध्ये नवं औषध जिंकलेलं होतं, चीनमधल्या ९९ मध्ये. तिथं हरणारं औषधच नाही म्हटल्यावर जिंकण्याला अर्थ किती ठेवायचा ते आपण ठरवायचं.

शियेकर, तुमच्या पत्रकाराची गोष्ट अर्धी खरी आहे. जेम्स रेस्टन, न्यूयॉर्क टाइम्सचे. जुलै १९७१ मध्ये बीजिंगला गेले आणि अपेंडिक्स उठलं. चिनी सर्जनांनी ते काढलं, चारचौघांसारखं, भुलीची इंजेक्शनं देऊन, रॉकफेलरांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या जुन्या दवाखान्यात. सुया टोचल्या त्या नंतर, पोट फुगून अस्वस्थ वाटत होतं म्हणून. २६ जुलैच्या अंकात त्यांनी हे सगळं स्वच्छ लिहिलंय. खुद्द चीनच्या राजधानीत, माओ हयात असताना, पाहुण्याचं अपेंडिक्स उठल्यावर त्यांनी काढा उकळला नाही, कात्रीच घेतली.

---

शियेकर_पाटील (रात्री १०.०५)

पत्रकाराचं राहू दे. पण मग माझा चुलता बरा कसा झाला ते सांगा की. तो काय खोटं बोलतोय? आणि हे सगळे अभ्यास गोऱ्यांचेच मोजायचे व्हय? त्यांच्या कंपन्यांना काढा कसा परवडेल?

---

शिरोलीचा_धाकटा (रात्री १०.१२)

मधेच लिहितोय, सॉरी. आत्ता वहिनीनं सांगितलं की काकांनी काल रात्रीच एक पाकीट उकळून भावाला पाजलंय. त्यानंतर पहाटेपर्यंत पाच-सहा वेळा पातळ झालं. सगळ्यांना वाटलं आजारामुळंच. डॉक्टरांना हे कुणीच सांगितलेलं नाही. काका म्हणतात, सांगायची गरज न्हाई, झाडपाला हाय. काय करू?

---

वॉर्ड_नंबर_४ (रात्री १०.१८)

बाळा, फोन खिशात ठेव आणि खाली रात्रपाळीच्या डॉक्टरांना जाऊन सांग. सकाळपर्यंत थांबू नकोस. मी सर्जिकल वॉर्डात सिस्टर होते, नोकरी सगळी त्यातच गेली. असं घरचं औषध लपवणारे नातेवाईक रोजचे असतात, कुणी तुला खाऊन टाकणार नाही.

सांगायचं कशाला ते ऐक. जुलाब झाले की अंगातलं पाणी जातं आणि पोटॅशियम उतरतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे आधी कळायला पाहिजे, नाहीतर टेबलावर हृदयाचे ठोके गडबडू शकतात. साधी रक्ताची तपासणी आहे, सलाईनमधून भरून काढता येतं. पाकीट पण घेऊन जा, चिनी अक्षरं त्यांना वाचता आली नाहीत तरी मागचं इंग्लिश वाचतील.

दुसरं. रात्री भावाचं दुखणं एकदम थांबलं आणि 'आता बरं वाटतंय' म्हणाला तर आई देवाला हात जोडेल. तू बेल वाज. अपेंडिक्स फुटलं की आतला दाब सुटतो आणि तासभर, कधी जास्त वेळ, पेशंट खरंच हलका होतो. मग सगळं पोट दगडासारखं कडक व्हायला लागतं, नाडी धावते. ही मधली वेळ मी वॉर्डात बघितलीय आणि तेव्हाच नातेवाईक डिस्चार्ज मागतात. औषधानं बरं वाटायला लागतं ते हळूहळू, ताप आणि नाडी सोबत उतरतात.

आणि तोंडानं काही द्यायचं नाही असं लिहिलं असेल तर त्यात काढा आला, चहा आला, अंगारा घातलेलं पाणीसुद्धा आलं.

---

काष्ठौषधीवाला (रात्री १०.४०)

सिस्टरांनी सांगितलं तेच पहिलं काम. पाकिटाबद्दल एवढंच जोडतो: आत तेच पाच जिन्नस आहेत हे कशावरून? १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्समध्ये वजन कमी करायच्या गोळ्यांत एका चिनी मुळीच्या जागी चुकून दुसरीच, ॲरिस्टोलोकिया जातीची, पडली आणि शंभराहून जास्त बायकांची मूत्रपिंडं कायमची बिघडली. मुळ्या वाळवून कापल्या की भलेभले फसतात. माझ्या वडलांसारखा दाताखाली धरून बघणारा त्या साखळीत कुणी असेलच असं नाही.

शियेकर, तुमचा प्रश्न चांगला आहे आणि खरं तर ह्या सगळ्या वादाची किल्ली तीच आहे. चुलता खोटं बोलत नाही. त्याला काढा न देता नुसतं झोपवून ठेवलं असतं तरी तो बहुतेक बरा झाला असता.

हे माझं मत नव्हे. कोरियात हे करून बघितलंय, ते निकाल २०१७ मध्ये आले. सीटी करून ज्यांचं अपेंडिक्स सुजलंय पण बिघडलेलं नाही अशी खात्री झाली, असे २४५ पेशंट घेतले. निम्म्यांना अँटिबायोटिक, निम्म्यांना ते नाही, बाकी काळजी सारखीच. अँटिबायोटिक न घेतलेल्यांपैकी २३.४ टक्के लोकांमध्ये उपचार फसला, घेतलेल्यांमध्ये २०.७ टक्के. म्हणजे जवळजवळ सारखंच. फिनलंडनं २०२२ मध्ये हेच खोट्या औषधाशी तुलना करून बघितलं. ६६ पेशंट होते, म्हणजे अभ्यास लहानच. पहिल्या दहा दिवसांत अँटिबायोटिकवाले ९७ टक्के सुटले आणि खोटं औषध घेतलेले ८७ टक्के.

आता सांगा, सौम्य अपेंडिक्सवर मी उद्यापासून गुळाचं पाणी द्यायला लागलो तरी शंभरात ऐंशी जण मला दुवा देतील की नाही? मिरगाच्या तोंडावर धोंडी मागायची आणि पाऊस पडला की श्रेय धोंडीला, त्यातलाच प्रकार. म्हणून काढ्याचा नव्वद टक्के हा आकडा एकटा कितीही मोठा असला तरी काही सिद्ध करत नाही. काढा न घेतलेले तसेच पेशंट शेजारी ठेवून, चिठ्ठ्या टाकून, वर्षभर मागं लागून मोजलं पाहिजे. तसा भक्कम अभ्यास ह्या काढ्यावर माझ्या वाचनात नाही. शिवाय चुलत्याला झालेलं दुखणं अपेंडिक्सचंच होतं का, हाही प्रश्न राहतोच. सोनोग्राफी केली होती का?

गोऱ्यांच्या कंपन्यांचं म्हणताय, पण त्यांचे मोठे अभ्यास ऑपरेशनच्या बाजूनं नाहीतच. ते सर्जन लोकांनीच, कात्री टाळता येते का हे बघायला केलेत. आणि त्यात वापरलेलं मेट्रोनिडाझोल माझ्या काउंटरवर वडापावच्या पैशात मिळतं, त्यात कुठल्या कंपनीचे बंगले उठत नाहीत.

---

शियेकर_पाटील (रात्री १०.५२)

सोनोग्राफी तवा कुठली वो. हातानं दाबून सांगितलं हुतं. बरं, तुमचं गुळाचं पाणी पटलं. पण जुलाबानं पोट साफ झालं तर नुकसान काय, हे अजून डोक्यात शिरत न्हाई.

---

काष्ठौषधीवाला (रात्री ११.०५)

ऐंशी जणांचं नुकसान काहीच नाही, दोन दिवस हैराण होतील एवढंच. प्रश्न उरलेल्या वीस जणांचा. त्यांचं अपेंडिक्स आतून बंद पडलेलं असतं, भिंतीचा रक्तपुरवठा तुटत चाललेला असतो, आणि वरून आतडं जोरात आवळायला लावलं तर कमकुवत जागा कुठं जाईल? आणि वरून वेळ जातो तो वेगळाच. जुलाब, अशक्तपणा, पोटात मुरडा, ह्या गोंधळात खरं लक्षण कुठलं हे ओळखता येत नाही. शिरोलीकरांच्या घरी काल रात्री नेमकं तेच झालं, सगळ्यांना जुलाब आजाराचेच वाटले. आणि आपण त्या ऐंशीतले की वीसातले हे पहिल्या रात्री कुणालाच, सर्जनलासुद्धा, छातीठोक सांगता येत नाही. म्हणून तर ॲडमिट करतात.

---

शिरोलीचा_धाकटा (रात्री ११.३०)

सांगून आलो. डॉक्टर ओरडले नाहीत, पाकिटाचा फोटो काढून मोठ्या डॉक्टरांना पाठवला आणि लगेच रक्त घेतलं. पोटॅशियम कमीच निघालं, बाटलीतून सुरू केलंय. ताप ९९ वर आहे, दुखणं तेवढंच.

आता काढ्याचा विषय संपला, आईलाही सिस्टरांचं वाचून दाखवलं. पण उद्याचं काय? ऑपरेशन की नुसती अँटिबायोटिक? भाऊ म्हणतो कामावर लवकर कुठल्यानं जाता येईल ते करा.

---

काष्ठौषधीवाला (रात्री ११.५०)

निर्णय तुमचा आणि सर्जनचा. मी आकडे देतो, भावाला स्वतःला वाचू द्या.

फिनलंडमध्ये ५३० पेशंट घेऊन एक अभ्यास झाला, २०१५ मध्ये छापून आला. खडा नसलेले, सीटीनं खात्री केलेले पेशंट. नुसती अँटिबायोटिक घेतलेल्यांपैकी २७ टक्क्यांना वर्षाच्या आत ऑपरेशन लागलं, पाच वर्षांपर्यंत तो आकडा ३९ वर गेला. म्हणजे दहातले सहा जण पाच वर्षं अपेंडिक्स घेऊन निवांत फिरले. अमेरिकेत २०२० मध्ये १,५५२ पेशंटांचा आणखी मोठा अभ्यास आला, त्यात खडेवालेही घेतले होते. अँटिबायोटिक घेतलेल्यांतल्या २९ टक्क्यांना ९० दिवसांत टेबलावर जावं लागलं, पण खडा असलेल्यांत ४१ टक्क्यांना, आणि त्यांच्यात गुंतागुंतही जास्त झाली. सुरुवातीचे खाडे अँटिबायोटिकच्या गटात कमी पडले, सरासरी ५ दिवसांच्या आसपास, ऑपरेशनवाल्यांचे ९ च्या आसपास. अर्थात तिकडचे लोक साच्याच्या पेट्या उचलत नव्हते. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर जड वजन कधी उचलायचं हे सर्जनकडून कागदावर लिहून घ्या आणि ठेकेदाराला दाखवा.

ह्यात सगळी गंमत खड्यावर आहे हे लक्षात आलं असेल. आणि सोनोग्राफीत खडा दिसला नाही म्हणजे तो नाहीच असं होत नाही. सीटीत जास्त नीट दिसतो. सकाळी सर्जनना एवढंच विचारा: औषधांवर ठेवायचं ठरवलं तर आधी सीटी करून घ्यायचा का?

खर्चाचं टेन्शन असेल तर जनआरोग्य योजनेत बसतं का ते आरोग्यमित्राला विचारा. दवाखाना त्या यादीत नसेल तर आपला सरकारी दवाखाना, सीपीआर, आहेच.

---

शिरोलीचा_धाकटा (दुसऱ्या दिवशी, दुपारी ३.२०)

सीटी केला. खडा निघाला, अपेंडिक्सच्या तोंडाशीच. सर्जन म्हणाले आता औषधांवर ठेवायचा सल्ला मी देणार नाही. भावानंच सही केली. बाराला आत नेलं, दीडला बाहेर. फुटलेलं नव्हतं, पण टोकाला काळं पडायला लागलं होतं. तीन भोकं, आई सारखी चादर उचलून बघतेय आणि 'एवढंच?' म्हणतेय.

सगळ्यांचे आभार. शियेकर, तुमचेही, तुम्ही विचारलं म्हणून ते कोरियाचं कळलं.

एक राहिलं. काकांकडं तीन पाकिटं शिल्लक आहेत आणि पैसे वाया जातायत म्हणून ते रुसलेत. म्हणतात, जुलाबच होत असतील तर मलाच बद्धकोष्ठाला चालतील. चालतील का?

---

वॉर्ड_नंबर_४ (दुपारी ३.४१)

भावाला संध्याकाळी धरून का होईना चालवा. काकांचं काष्ठौषधीवाले सांगतील, माझं डोकं नको उठवू.

---

काष्ठौषधीवाला (दुपारी ४.१५)

काकांचं वय काय आणि बीपीची कुठली गोळी चालू आहे? त्यात लघवी जास्त होण्याचं औषध असलं तर पोटॅशियम आधीच कमी होत असतं, वरून हा काढा म्हणजे काल भावाच्या बाबतीत निघालं तेच काकांच्या रिपोर्टात निघणार. त्यात बिनओळखीचं पाकीट. बद्धकोष्ठाला इसबगोल घेऊ द्या आणि गोळीच्या पट्टीचा मागच्या बाजूचा फोटो मला पाठवा.